ताळेबंद जुळतो, मग पैसे जातात कुठे?

पत्र : मी छोटा बांधकाम कंत्राटदार आहे. एका वेळी तीन-चार साइट चालू असतात. धंदा सुरू केल्यापासून हिशेब माझी वहिनी सांभाळते. लेखाशास्त्र ती शिकलेली नाही, सॉफ्टवेअर हाताळत हाताळत शिकली. अतिशय प्रामाणिक आहे, एकही कागद हरवू देत नाही. पगार घेते तो नावापुरता. गेल्या वर्षी सॉफ्टवेअरमध्ये 18 टक्के नफा दिसत होता, तरी मजुरांचे पैसे चुकते करायची वेळ आली की मला उसनवारी करावी लागते. ऑडिटर म्हणतात, शिकलेला अकाउंटंट ठेवा. भाऊ म्हणतो, घरचं माणूस असताना बाहेरच्याला पगार कशाला? आता एक टेंडर भरायचं आहे, आजवरच्या माझ्या सगळ्यात मोठ्या कामाच्या दुप्पट. वहिनीला दुखवायचं नाही. पण बाहेरच्या माणसाचा खर्च परवडेल का? – एक कंत्राटदार

उत्तर : तुम्ही टेंडरचा उल्लेख जाता जाता केलाय, मी तिथूनच सुरुवात करते. शिकलेल्या अकाउंटंटचा पगार आणि वहिनींचं मानधन यांची वजाबाकी करून हा प्रश्न सुटणार नाही. कच्च्या हिशेबाची किंमत हिशेबाच्या वहीत दिसतच नाही. ती तुम्ही पुढच्या कामाला जो दर भरता, त्या दरात मोजली जाते.

समजा गेल्या वर्षी तुम्ही तीन कामं केली. एक बंगला, एक गोदाम आणि एका जुन्या इमारतीची दुरुस्ती. सोयीसाठी प्रत्येक काम 100चं धरू. बंगल्याला खर्च आला 70, गोदामाला 78 आणि दुरुस्तीला 98. एकूण बिलं 300, एकूण खर्च 246, नफा 54. म्हणजे 18 टक्के, तुमच्या सॉफ्टवेअरमधला आकडा. यात एक पैसाही चुकलेला नाही. फक्त सिमेंट, सळई, मजुरी, भाडं हे सगळं आपापल्या एकेका खात्यात गेलंय आणि कुठलं कुठल्या साइटचं, हे कुणी लिहिलेलं नाही. त्यामुळे तुमच्या मनात एकच गोष्ट पक्की बसते : आपला खर्च 82च्या आसपास येतो, 100 भरले की सुटतो.

आता दुरुस्तीचं नवं काम निघालं. तुम्ही 100 भरता. ज्याला आपला दुरुस्तीचा खर्च 98 आहे हे माहीत आहे, तो 115 भरतो. काम तुम्हाला मिळतं. मग बंगल्याचं काम निघतं, तिथेही तुम्ही 100 भरता. ज्याला आपला खर्च 70 आहे हे माहीत आहे, तो 88 भरून काम घेऊन जातो. दोन-तीन वर्षं असंच चाललं की तुमच्या हातात फक्त दुरुस्तीची कामं उरतात आणि तुम्ही लोकांना सांगता, ‘हल्ली बाजारात फार चढाओढ आहे.’ चढाओढ असेलही. पण ज्या कामाचा दर आपण कमी लावलाय, नेमकं तेच काम आपल्या पदरात पडतं, हा टेंडरचा स्वभावच आहे. म्हणून या धंद्यात हिशेबातला गोंधळ दुकानदाराच्या गोंधळापेक्षा जास्त महागात पडतो. दुकानदार माल विकत घेतो तेव्हाच त्याला त्याची किंमत कळलेली असते. तुम्ही मात्र विक्रीची किंमत आधी लिहून देता आणि खर्च नंतर करता.

म्हणून शिकलेला हिशेबनीस पहिली शिस्त लावतो ती जॉब कॉस्टिंगची. प्रत्येक चलन (मालासोबत येणारा कागद), प्रत्येक मस्टर (मजुरांचा हजेरीपट), भाड्याने आणलेल्या मिक्सरचा प्रत्येक दिवस कुठल्या साइटचा आणि त्या साइटवर कुठल्या टप्प्याचा, हे नोंदीतच आलं पाहिजे. टप्पे थोडेच ठेवा : खोदाई, आरसीसी, वीटकाम, प्लास्टर, प्लंबिंग, वायरिंग, फरशी, रंग. दहा-बारा झाले की पुरे. दोनशे केलेत तर महिन्याभरात सगळा खर्च ‘इतर’ या खात्यात जमा व्हायला लागेल, हे लिहून ठेवा.

‘पण आमचा ताळेबंद जुळतो’ असं वहिनी म्हणतील आणि ते खरंच असेल. लुका पाचोली या गणितज्ञाचा ग्रंथ 1494 साली व्हेनिसमध्ये छापला गेला. दुहेरी नोंदीची पद्धत त्यात व्यवस्थित मांडलेली आहे. जमा आणि नावे या दोन बाजू समान आल्या पाहिजेत, हे तेव्हापासून पाचशे वर्षं चालत आलंय. पण गोदामाचं सिमेंट बंगल्याच्या नावावर टाकलं तरी दोन्ही बाजू समानच येतात. ग्राहकाची आगाऊ रक्कम उत्पन्न म्हणून लिहिली तरी समान येतात. बाजू जुळणं ही हिशेबाची पहिली पायरी, आणि सॉफ्टवेअर ती आपोआप चढून जातं. न शिकलेल्या माणसाला तीच शेवटची पायरी वाटते.

आगाऊ रकमेचा विषय निघालाच आहे, तर तुमची उसनवारी कुठून येते तेही बघू. पत्रावरून मला तीन जागा दिसतात.

पहिली हीच, कामापूर्वी मिळणारी उचल. ती मिळाली तेव्हा तुम्ही एक वीटही रचलेली नसते. त्यामुळे ती तुमच्यावरची देणेदारी असते, उत्पन्न नव्हे. पुढे प्रत्येक चालू बिलातून ती थोडी थोडी कापली जाते, तसतशी ती तुमची होते. वहिनींनी पैसे आले म्हणून ते उत्पन्नात घेतले असतील, तर 18 टक्क्यांतला काही भाग म्हणजे न केलेल्या कामाचा नफा आहे. त्याच नफ्यावर कर भरला असेल किंवा त्याच्या भरवशावर गाडी घेतली असेल, तर हे दोन्ही खर्च कच्च्या हिशेबाच्या नावावर टाका.

दुसरी जागा रिटेन्शनची. काम देणारा प्रत्येक बिलातून काही रक्कम राखून ठेवतो, बहुतेक ठिकाणी 5 ते 10 टक्के. तीतला काही भाग काम पूर्ण झाल्यावर मिळतो, उरलेला दोष-दायित्वाची मुदत, म्हणजे कामात निघालेले दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्यावर. तुमचा खरा नफा 8 टक्के आणि रिटेन्शन 10 टक्के असेल, तर मुदत संपेपर्यंत सगळा नफा समोरच्याच्या खिशात आणि वर 2 टक्के तुमच्या खिशातून गेलेले. इथे दोन प्रकारच्या चुका होतात. बिल पूर्ण वसूल झालं असं समजून राखलेली रक्कम कुठेच न लिहिणं ही एक. ती सर्वसाधारण येण्यात मिसळून टाकणं ही दुसरी. मग आजच मागता येण्यासारखं येणं कुठलं आणि वर्षाने मागायचं कुठलं, हे कळेनासं होतं. शिकलेला माणूस रिटेन्शनचं वेगळं खातं ठेवतो आणि प्रत्येक कामापुढे मागणीची तारीख लिहितो. ही तारीख कंत्राटदार सर्रास विसरतात. काम देणारा आठवण करून देत नाही, त्याने का द्यावी?

तिसरी जागा चालू कामाच्या मोजमापाची, आणि इथे प्रशिक्षणावाचून पर्याय नाही. समजा कंत्राट 1000चं आहे आणि संपेपर्यंत एकूण खर्च 800 येईल असा अंदाज आहे. आजवर 400 खर्च झाले. काम निम्मं झालं, कमाई 500. पण तुम्ही बिलं 650ची काढली आहेत. जास्तीचे 150 बँकेत दिसतात, मात्र ते पुढच्या कामाचे आहेत. ते तुम्ही दुसऱ्या साइटच्या सळईवर खर्च केलेत की या साइटच्या शेवटच्या टप्प्यात काम करायचं असतं पण बिल काढायला काही उरलेलं नसतं. तेव्हा तिसऱ्या साइटची उचल वापरायची. चौथी साइट मिळेपर्यंत हे निभतं. मला वाटतं, मोठं टेंडर हवंसं वाटण्यामागे थोडं हेही कारण आहे. स्वतःला विचारून बघा.

याच्या उलट, 400 खर्चून बिल फक्त 350चं निघालं असेल, तर एक शक्यता अशी की झालेल्या कामाचं बिल काढायचं राहिलंय. दुसरी जास्त वाईट : खर्च 800त संपणार नाही आणि अंदाज कुणी बदललेला नाही. शिकलेला हिशेबनीस दर महिन्याला तुमच्यासमोर बसून एकच त्रासदायक प्रश्न विचारतो, ‘हे काम संपवायला आणखी किती लागतील?’ आतापर्यंत किती लागले ते त्याला माहीत असतं, उरलेला आकडा फक्त तुम्हाला माहीत असतो.

हे मोजमाप करतानाही फसायला जागा आहे. कंत्राटी उत्पन्न कधी आणि किती धरायचं, हे सांगणारं आयएफआरएस 15 हे आंतरराष्ट्रीय मानक 2014 साली जाहीर झालं आणि 1 जानेवारी 2018पासून लागू झालं. त्यात इमारतीचं नूतनीकरण आणि नव्या लिफ्ट असं एक उदाहरण आहे. एकूण अपेक्षित खर्च 40 लाख, त्यात लिफ्टचे 15 लाख. वर्षअखेरीस लिफ्ट साइटवर येऊन पडल्यात, बसवलेल्या नाहीत, आणि बाकीच्या कामाचे 5 लाख खर्च झालेत. सरळ भागाकार केला तर 40पैकी 20 लाख, म्हणजे काम 50 टक्के. मानक म्हणतं, न बसवलेल्या लिफ्ट बाजूला ठेवा. मग 25पैकी 5, म्हणजे काम फक्त 20 टक्के. तुमच्या आकाराच्या धंद्याला हे मानक कायद्याने लागू असो वा नसो, त्यातला तर्क तुमच्या फरशीच्या खोक्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींनाही तसाच लागू पडतो. माल आला म्हणजे काम झालं असं होत नाही.

लहानसहान गळतीही भरपूर असते, पण तिच्यावर फार वेळ घालवत नाही. पुरवठादाराचं बिल चलनावरून एकदा आणि महिन्याच्या खातेउताऱ्यावरून पुन्हा एकदा चुकतं केलं जातं, कारण ऑर्डर, मिळालेला माल आणि बिल हे तिन्ही कागद कुणी शेजारी ठेवून पाहत नाही. मजुरांना मधे दिलेली उचल मजुरीत लिहिली जाते, आठवड्याअखेरीस पूर्ण मजुरी पुन्हा लिहिली जाते, रोख जुळत नाही आणि फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, जाऊन पडतो. तुमच्या सस्पेन्स खात्यात आज किती रक्कम आहे, एवढं एकदा वहिनींना विचारा. सळईचं बिल पैसे देण्याच्या दिवशी नोंदवलं की माल आलेला महिना फायद्याचा दिसतो आणि पैसे दिलेला महिना तोट्याचा.

जादा कामाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. मालक साइटवर येतो, म्हणतो, ‘ही भिंत जरा पुढे घ्या.’ सुपरवायझर घेतो. विटांचं बिल ऑफिसात येतं, वहिनी ते इमानेइतबारे नोंदवतात. म्हणजे खर्च वहीत आला. पण भिंत मूळ कंत्राटात नव्हती हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, मग तिचं बिल कोण काढणार? जाणकार हिशेबनिसाला भिंतीबद्दल माहिती नसली तरी वीटकामाचा खर्च अंदाजापलीकडे गेलेला दिसतो आणि तो तुम्हाला फोन करतो. मालकाची सही तेव्हाच घेता येते. सहा महिन्यांनी, शेवटच्या बिलात, ती भिंत कुणालाच आठवत नाही.

आता एक गोष्ट तुमच्याबद्दल. वीटकाम अंदाजापलीकडे गेलं हे कळायला अंदाज समोर असावा लागतो. तुमचा अंदाज कुठे आहे? पत्रावरून वाटतं, तुमच्या डोक्यात आणि फोनमध्ये. उद्या तुम्ही अगदी निष्णात अकाउंटंट आणलात आणि त्यालाही फक्त बिलांची पिशवीच दिलीत, तर तोही वहिनींइतकाच आंधळा राहील. पगार जास्त घेईल, एवढाच फरक.

भावाच्या मुद्द्याकडे येते. घरचं माणूस स्वस्त पडतं, हे म्हणणं मला पटत नाही. वहिनी नावापुरता पगार घेतात, म्हणजे तुमच्या ऑफिसचा खर्च कागदावर कमी दिसतो. तो कमी दिसतो म्हणून तुम्ही टेंडरमध्ये कमी लावता. परिणामी वहिनींच्या फुकट श्रमांचा फायदा तुमच्या कुटुंबाला न होता काम देणाऱ्याला होतो. आणि ज्या दिवशी त्या थांबतील, त्या दिवशी तो खर्च एकदम तुमच्या अंगावर येईल, कंत्राटं मात्र जुन्याच दरात अडकलेली असतील. म्हणून अकाउंटंट ठेवा अथवा ठेवू नका, ऑफिस खर्चात त्या कामाचा बाजारभावाने पूर्ण पगार धरा. तुमचा स्वतःचाही धरा. तोही धरत नसाल अशी मला दाट शंका आहे.

त्याच ओघात टक्केवारीही तपासून घ्या. ऑफिस खर्च बिलांच्या 15 टक्के आहे असं कुणी सांगितलं आणि तुम्ही साइटच्या 100 खर्चावर 15 चढवून 115 भरलेत, तर 115चे 15 टक्के होतात 17.25. नफा धरायच्या आधीच सव्वादोनचा खड्डा. खर्चावर 20 टक्के चढवले तर विक्रीवर 16.67 टक्केच सुटतात. विक्रीवर 20 हवे असतील तर खर्चावर 25 चढवावे लागतात. हा गोंधळ मी चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरांनाही करताना पाहिलाय, त्याचा ठपका वहिनींवर नको.

मग करायचं काय? वहिनींना काढू नका. कागद न हरवणारं माणूस या धंद्यात मिळत नाही. काम दोघांत वाटा. रोजच्या नोंदी, चलनं, मस्टर वहिनींकडे राहू द्या. खात्यांची मांडणी, दर महिन्याचा साइटवार आढावा, चालू कामाचं मोजमाप आणि रिटेन्शनचा तक्ता यासाठी बांधकामाचा अनुभव असलेला अकाउंटंट अर्धवेळ घ्या, महिन्यातले काही दिवस पुरतील. पूर्ण पगाराचा माणूस तुमच्या आकाराला आज लागेलच असं नाही. त्याने आधी खाती लावून द्यावीत आणि वहिनींना शिकवावं, हे ठरवतानाच बोलून घ्या.

पदवी बघून निवड करू नका. दुकानांचे हिशेब वर्षानुवर्षं लिहिलेला माणूसही इथे नवखाच ठरतो. तीन गोष्टी विचारा. काम सुरू व्हायच्या आधी ग्राहकाने पैसे दिले, कुठे लिहाल? बिलातून 10 टक्के राखून ठेवले, ते कुठे दाखवाल आणि केव्हा मागाल? एकाच ट्रकमधली सळई दोन साइटवर उतरली, तर? शेवटच्या प्रश्नाला जो उलट प्रश्न विचारेल, ‘चलनावर सुपरवायझर वजन लिहितो का?’, त्याला ठेवा.

आणखी एक व्यवस्था आत्ताच करा. बिल नोंदवणारा, पैसे पाठवणारा आणि बँकेचा ताळमेळ घालणारा माणूस एकच नसावा. वहिनींच्या सचोटीवर शंका म्हणून हे सांगत नाही. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संस्थेच्या जागतिक अहवालांत पुन्हा पुन्हा दिसतं की 40 टक्क्यांहून जास्त गैरव्यवहार कुणीतरी खबर दिल्यामुळे उघडकीला येतात. तुमच्या ऑफिसात एकच माणूस आहे, खबर देणार कोण? बनावट बिल पाठवणारा पुरवठादार किंवा मस्टरवर नसलेली नावं चढवणारा मुकादम यांना हे बरोबर ठाऊक असतं. पैसे सुटताना शेवटची मंजुरी तुमची असू द्या आणि बँकेचा उतारा दर महिन्याला आधी तुम्ही उघडा. उद्या काही कमी आलं तर पहिलं बोट वहिनींकडे जाईल, ते या व्यवस्थेमुळे टळेल.

वहिनींशी तुम्ही स्वतः बोला, भावाकरवी निरोप नको. जेवणाच्या पानावरही नको, ऑफिसात बोला. ‘धंदा वाढतोय, तुमच्या एकटीवर फार भार पडतोय, आणि आजवर तुम्हाला मी नीट पगारही दिला नाही’ इथून सुरुवात करा, कारण हे तिन्ही खरं आहे. त्या दुखावतील असं तुम्ही गृहीत धरलंय. न कळणारं काम वर्षानुवर्षं जबाबदारीने ओढणारी माणसं कधी कधी कुणीतरी यावं म्हणून वाट पाहत असतात.

टेंडरची तारीख मात्र कुणासाठी थांबणार नाही आणि अकाउंटंट सापडेपर्यंत ती उलटूनही जाईल. म्हणून त्याआधी एक करा. नव्या कामाच्या जवळ जाणारं, पूर्ण संपलेलं एक जुनं काम निवडा. वहिनींनी जपून ठेवलेली त्याची सगळी चलनं आणि मस्टर काढा आणि सुपरवायझरला शेजारी बसवून, कुठला कागद कुठल्या टप्प्याचा ते लावा. त्यात भाड्याच्या यंत्रांचे दिवस, पुन्हा करावं लागलेलं काम आणि ऑफिसच्या खर्चाचा वाटा घाला. जो आकडा येईल तो त्या वेळच्या तुमच्या अंदाजाशेजारी लिहा. दोघांत फरक 5 टक्क्यांच्या आत असेल तर टेंडर भरा. जास्त असेल तर नव्या दरात तो फरक धरा. आणि त्या दराने काम मिळणार नाही असं वाटलं, तर या खेपेला भरू नका.